काविळीच्या औषधाचं नाव

आमची आई लालबागमध्ये काविळीचं औषध देत असे. वैदू वगैरे नव्हे, वडील गिरणीत साचेखात्यात आणि ती चाळीतली चारचौघींसारखी बाई. पण रविवारी सकाळी आमच्या दारात पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली असत, पार गिरगावातून आलेली. पहाटे ती कुणाशी न बोलता बाहेर पडे, पदराखाली पाला घेऊन येई, दार लोटून पाट्यावर वाटी आणि ताकात कालवून रोग्याला उपाशीपोटी पाजी. मग तेल, हळद, मासे बंद. मोबदला घ्यायचा नाही, आणि पाल्याचं नाव कुणाला सांगायचं नाही. हे औषध तिला तिच्या आत्याने कोकणात, मरणापूर्वी, कानात सांगितलं होतं. तिनेही ते शेवटी एकाच माणसाच्या कानात सांगायचं होतं. मध्येच नाव बाहेर पडलं तर औषधाचा गुण जातो, यावर तिची पक्की श्रद्धा.

ते एक माणूस मी असणार होते, आणि मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. मी कॉलेजात सायन्सला होते. परीक्षानळ्या हाताळायला लागल्यापासून जगातली सगळी अक्कल आपल्याकडे आली, असा माझा समज होता. पानात जे द्रव्य असतं ते नाव घेतल्याने उडून जात नाही, असं मी तिला ऐकवत असे. शिक हो, शिक, ती म्हणायची आणि पाटा धुवायला घ्यायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते. दादा, माझा थोरला भाऊ, दिवसदिवस घराबाहेर असे, जेवण मिळेल तिथे, पाणी मिळेल ते. गोळीबाराची बातमी आली की आईचा जीव टांगणीला लागे, आणि तो धडधाकट परतला की ती त्याला शिव्या घाली. गोळी चुकली, पण काविळीने गाठलं.

आईने त्याला इतरांसारखंच औषध दिलं. या वेळी उतार पडेना. ओकाऱ्या थांबेनात, मग तो असंबद्ध बोलू लागला, मला ओळखेना. संचारबंदी सैल झाल्याबरोबर वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी त्याला परळला इस्पितळात नेलं. आम्ही दोघी मागून धावत गेलो.

डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. आधी काय दिलंत, त्याने विचारलं. झाडपाला, वडील म्हणाले. कुठला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. डॉक्टर आवाज न चढवता सांगू लागला की काही मुळ्यांचं विष यकृतावरच घाव घालतं, पोटात काय गेलंय ते कळलं नाही तर मला अंधारात चाचपडावं लागेल, आणि पेशंटकडे तेवढा वेळ नाही. वडिलांनी तिच्यापुढे हात जोडले. नवऱ्याने बायकोला हात जोडलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मी तिचा दंड धरून तिला गदागदा हलवलं. सगळ्या रोग्यांसाठी जपलेला गुण आता एका मुलासाठी घालवायचा, हा हिशेब ती करत होती, आणि मला तेव्हा तिची चीड आली.

"बाय, तू भायर जा," ती मला म्हणाली. मी हलले नाही.

तिने डॉक्टरची बाही धरून त्याला खाली वाकवलं आणि त्याच्या कानात सांगितलं.

"भुईआवळी?" तो सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला. त्याचा चेहरा निवळला होता. "मग विषाची भीती नाही. आमच्या मागच्या भिंतीलाही उगवते की, बाई. पुस्तकातसुद्धा आहे." आणि तो नर्सला पुढचं सांगायला वळला.

त्याची काही चूक नव्हती. तरी मला त्याचा राग आला, अजूनही येतो. आई बाजारात काही हरवलेल्या माणसासारखी पदराचं टोक चाचपत उभी होती.

दादा वाचला. घरी आला त्याच सुमारास शेजारची बाई आपल्या पिवळ्या पडलेल्या लेकीला घेऊन आली. आईने त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, इस्पितळात न्या म्हणाली. स्वतःचा मुलगा बरा झाल्यावर माजलात, असं ती बाई जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. आईने ऐकून घेतलं. मुलगी पुढे बरी झाली, पण त्या घराने आमच्याशी बोलणं टाकलं.

मला राहवेना. मी आईला म्हटलं, डॉक्टरला ते आधीपासूनच ठाऊक होतं. कोकणात निम्म्या घरांना ठाऊक असेल. ते गुपित कधी नव्हतंच, मग गुण जाईल कुठे? तिच्या मनावरचं ओझं उतरेल असं मला खरंच वाटलं होतं.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"मगे इतकी वर्सां गुण कसो इलो?"

पुढे मी औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. भुईआवळीच्या पानांतून कडू, पांढरे स्फटिक मी माझ्या हातांनी काढले. त्या द्रव्याला फायलँथिन म्हणतात. त्याने यकृताला किती फायदा होतो यावर जाणती माणसं माझ्यासमोर वाद घालत. बहुतेक कावीळ मात्र विश्रांतीने आणि पथ्याने आपोआप उतरते, हेही मी तिथेच शिकले. म्हणजे आईच्या प्रश्नाला उत्तर होतं. ते तिला सांगणं मला कधी जमलं नाही.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तिच्या तोंडाशी कान नेला आणि म्हटलं, आई, औषधाचं नाव सांग.

"तुका ठाऊक आसा," ती म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे वळवलं.