ओपलची गाडी ओपलच चढवणार

दर हिवाळ्यात आम्ही मोटारसायकली फिरवायला जमतो त्या वाळवंटातल्या तळावर एक नियम आहे: आपली मोटारसायकल आपणच ट्रेलरमध्ये चढवायची. ट्रेलरच्या पुढच्या भागात बिछाना आणि चूल, मागे गाड्या. मागची भिंत खाली सोडली की तिचाच उतार होतो. गाडी चढवताना ज्याने ‘जरा धर’ म्हटलं, त्याच्या गळ्यात स्वयंपाकाचा एप्रन पडतो. पुढच्या हिवाळ्यापासून त्याने गाडी घरी ठेवायची आणि सगळ्यांसाठी बीन्स शिजवायचे. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण पाळताना सगळे छाती फुगवतात. माझ्या तो पहिल्यापासून डोक्यात जातो.

ओपल टॅकेटने जन्मभर शाळेची बस चालवली. आडदांड पोरांना ती नुसत्या आरशातून बघून गप्प करायची. तिचा नवरा लायल तळावरचा सगळ्यात वेगवान माणूस, पण पाठ गेली आणि एका वर्षी तो ‘जरा धर’ म्हणाला. मग तो कांदे चिरायला बसला. आम्ही वाळूच्या टेकड्यांकडे निघालो की सुरी हातात धरून गाड्यांचा आवाज विरेपर्यंत तिकडेच बघायचा. तसाच तो एक दिवस वारला. ओपलने ते आजवर कुणाला माफ केलेलं नाही, आणि का करावं?

यंदा वसंतात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. लेक नको म्हणाली, डॉक्टर नको म्हणाला. बाई त्यांच्या नाकावर टिच्चून आली आणि आठवडाभर मनसोक्त फिरली.

शेवटच्या दिवशी सगळे खुर्च्या मांडून बसले. तळाचा म्होरक्या डॅरेल मुद्दाम एप्रन मांडीवर घेऊन बसला होता. ओपलने इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला आणि गाडीच्या बाजूने चालत उतार चढू लागली. अर्ध्यावर खांद्याने दगा दिला. गाडी मागे घसरली आणि वाळूत आडवी झाली.

“‘जरा धर’ म्हण ना,” डॅरेल म्हणाला. “दोन तर शब्द आहेत.”

“त्या दोन शब्दांनी लायलला खाल्लं. मला नाही खाणार.”

तिने सीटला पाठ टेकवली आणि गुडघ्यांच्या जोरावर गाडी उभी केली. मग ट्रेलर बंद केला, तो ओढणाऱ्या ट्रकमध्ये बसली आणि निघाली.

“गाडी टाकून चालली की काय?” कुणीतरी म्हणालं.

ती चालली होती तळाशेजारच्या कोरड्या ओढ्यात. गाडीवाटेने खाली उतरली आणि ट्रेलर उलटा घेत घेत थेट काठाला आणून भिडवला. काठ ट्रेलरच्या तळाइतकाच उंच; मागची भिंत खाली सोडली, तर ती काठावर पुलासारखी सपाट पडली. ओपल चालत वर आली, मोटारसायकलवर बसली आणि सरळ आत घेऊन गेली. डाव्या हाताने पट्टे आवळून झाल्यावरच ती बाहेर आली.

डॅरेलचा चेहरा पडला होता. “याला चढवणं म्हणत नाहीत.”

“गाडी कुठंय?” ओपलने विचारलं.

“आत.”

“कुणी हात लावला?”

डॅरेल एप्रनची घडी घालू लागला. मी मोठ्याने हसले, अगदी त्याला ऐकू जाईल असं.

ओपल मात्र हसत नव्हती. “हा ओढा तेव्हाही इथंच होता, डॅरेल. लायल तिथं कांदे चिरत बसला होता आणि ओढा इथं होता. तुला नाही सुचलं. मलाही नाही.”

सध्याचा स्वयंपाकी होमर चमचा हातात घेऊन उभा होता. त्याचे गुडघे गेल्यापासून त्याची गाडी घरी पडून आहे.

“होमर, पुढच्या हिवाळ्यात गाडी घेऊन ये,” ओपल म्हणाली. “ट्रेलर मी लावून देईन.”

“आणि स्वयंपाक?” डॅरेल उसळला. “तो कोण करणार?”

“ज्याला भूक लागेल तो,” ती म्हणाली.