वाद्य नको, नुसते गळे

चार माणसं एका कामाला जुंपली की किस्से आपोआप साठत जातात. आखातातल्या आमच्या अल बर्शाच्या फ्लॅटचं उलट झालं. माणसं कमी होत गेली आणि किस्से तेवढे उरले.

सॅम्युअल अंकल मेनोनाइट, म्हणजे ख्रिस्ती लोकांतल्या एका छोट्या पंथाचे. आयुष्य नागपुरात गेल्यामुळे मराठी फर्स्टक्लास. परदेशातल्या एका इंटरनेट रेडिओवर दर आठवड्याला त्यांचा अर्ध्या तासाचा भक्तिगीतांचा कार्यक्रम. नियम एकच: वाद्य नको, नुसते गळे! आणि गाणी निवडायला धरलं कुणाला? मला! वसईच्या कॅथलिकाला! आमच्याकडे बँडशिवाय लग्न लागत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात मी चाळीस गाणी ऐकून सहा निवडली. अंकलनी सहाही बाद केली. एकात तर फक्त शेवटच्या ओळीला ऑर्गन होता.

"अंकल, एकच ओळ आहे हो!"

"आहे ना? खलास!"

त्या आठवड्याच्या कार्यक्रमात उरलं काय? माझा नमस्कार आणि अंकलची प्रार्थना.

*

मग ठरलं, आपणच गाऊन रेकॉर्ड करायचं. अंकल, त्यांची बायको मेरी आंटी, नर्स लीना आणि अकाउंट्सवाला जोसेफ. चार माणसं, चार आवाज. मी मशीनवर.

अंकलनी कान टवकारले. "हा एसी सूर धरतोय. बंद कर."

ऑगस्ट महिना! दुसऱ्या कडव्याला जोसेफचा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला. तो म्हणाला, "अंकल, गाणं नरकावरचं असतं तर एक वेळ चाललं असतं!"

*

त्याच दुपारी आंटींनी डाळ लावली होती. तिसऱ्या कडव्यात कुकरने अशी शिट्टी मारली की काय सांगू! आंटी गाणं सोडून आत पळाल्या, गॅस बंद केला आणि शेवटच्या कडव्याला बरोब्बर आपला सूर पकडत परत उभ्या राहिल्या. बाकीचे तिघे गातच होते.

अंकल लालबुंद. "कुकर इज ऑल्सो इन्स्ट्रुमेंट!"

"मग उपाशी गा!" आंटी म्हणाल्या.

फाइलला मी नाव दिलं, 'खराब'.

*

जोसेफची नोकरी गेली. महिन्याभरात सामान बांधून तो केरळला. त्याच्या जागी मी कोकणातला बाबल आणला. साइटवर फोरमन, गावाकडे भजनी बुवा. गळा असा की अंकलही गप्प! पण पहिल्याच ओळीला बाबलने टाळी वाजवली.

"टाळी नको," अंकल म्हणाले.

"टाळयेशिवाय देव जागो कसो होतलो?"

"आमचा देव झोपत नाही!"

बाबलने हात खिशात घालून पाहिले. आवाजच फुटेना! बिचारा चहा पिऊन गेला, तो परत आला नाही.

लीनाला आयर्लंडचा व्हिसा मिळाला. आम्ही केक कापला.

*

जानेवारीत मेरी आंटी गेल्या. आठ दिवसांचा ताप काय आणि गेल्या काय. अंकलनी एकही आठवडा चुकवला नाही. मी परक्या कॉयरची, म्हणजे चर्चच्या गायकमंडळांची गाणी आणून द्यायचो, ते नुसती होकाराची मान हलवायचे. त्या फ्लॅटमध्ये एसी आता बिनधास्त चालू असायचा आणि मला तो आवाज सहन होत नसे.

*

मग अंकलचाही व्हिसा संपत आला. नागपूरला परतायचं, कार्यक्रम बंद. शेवटच्या भागासाठी मी दोन आठवडे खपून एक गाणं शोधलं. चार आवाज, एक डाग नाही.

अंकलनी पूर्ण ऐकलं. "सुंदर आहे. नको."

"मग?"

"ती खराब फाइल आहे का?"

होती. लावली. तिसरं कडवं आलं, शिट्टी झाली. मी म्हणालो, "शिट्टी कापून देतो अंकल, दोन मिनिटांचं काम."

अंकलनी माझा हात धरला.

"कापू नको, बेटा. ती आत गेलीये. शेवटच्या कडव्याला परत येते!"