न फुटलेली दोन काडतुसं

आर्लो स्कारला मातीआड करून लोक कोटाची बटणं लावत होते, तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ ड्वेन वर्लिन हाउगेनच्या अंगावर धावून गेला. पहिल्या ठोशात वर्लिनचा ओठ फाटला. दुसऱ्यात तो गोठलेल्या मातीच्या ढिगावर आडवा झाला. मग ड्वेनने बुटाची टाच त्याच्या उजव्या हातावर ठेवली आणि सगळा भार दिला. हाडं मोडल्याचा आवाज पाद्र्यालासुद्धा ऐकू गेला.

"याच हातांनी भरलीस ना रे काडतुसं? याच हातांनी?"

कोणी मध्ये पडलं नाही. स्काली क्रीकच्या लोकांचं हे असंच. गाय बर्फात अडकली तर अख्खं खोरं दोर घेऊन धावेल, पण माणूस माणसाला तुडवत असला की सगळ्यांना आपापले बूट बघायचे असतात. शेवटी आर्लोची बायको मार्डेल पुढे आली आणि तिने दिराचा दंड धरून त्याला मागे ओढलं. वर्लिनकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. हात मोडल्यापेक्षा त्याला ते जास्त लागलं.

जाता जाता ड्वेनने खिशातून दोन काडतुसं काढली आणि त्याच्या तोंडावर फेकली. "घे. तुझा माल तुला परत."

डोंगरात काय झालं ते एव्हाना सगळ्या खोऱ्याला पाठ झालं होतं. ड्वेनने एल्क हरीण पाडलं होतं आणि आर्लो ते सोलत बसला होता. ड्वेन घोडे आणायला खाली उतरला. रक्ताच्या वासाने झुडपातून अस्वलीण आली. आर्लोने बंदूक उचलली, नेम धरला, चाप ओढला. नुसती टिक. त्याने बोल्ट, म्हणजे बंदुकीच्या मागचा सरकता दांडा, ओढून ते काडतूस बाहेर फेकलं, दुसरं आत सारलं. पुन्हा टिक. ड्वेन धावत वर पोचला तेव्हा अस्वलिणीने आर्लोचा अर्धा चेहरा ओरबाडून काढला होता आणि ती त्याच्या पोटात तोंड घालून होती. ड्वेनने तिला भावाच्या अंगावरच गोळ्या घातल्या. शवपेटी बंदच ठेवावी लागली.

वर्लिन धान्याच्या कोठारावर कामाला होता. त्याची बायको डोलोरेस "त्या पुंगळ्यांशीच संसार कर" असं म्हणून स्पोकेनला निघून गेल्याला बरीच वर्षं झाली होती. ती अगदीच चुकीचं बोलली असं म्हणवत नाही. हिवाळा लागला की हा माणूस मागच्या शेडमध्ये जाऊन बसे आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत नवी दारू आणि गोळी घालून निम्म्या खोऱ्याची काडतुसं भरून देई. बदल्यात कोणी हरणाची तंगडी आणून देई, कोणी जॅमची बरणी. स्वभावाने तिखट. काम चालू असताना बोलायचं नाही, रेडिओ नाही, कॉफी नाही. एकदा मेव्हण्याने शेडमध्ये बिअर उघडली, तर याने त्याला कॉलर धरून बाहेर काढला होता.

पुंगळीच्या बुडाशी जी इवलीशी टोपी बसवतात, ठिणगी तीच देते, आणि वर्लिनचा सगळा जीव त्या टोपीत. तेलाचं बोट लागलं तर ती मरते, म्हणून तो आधी साबणाने हात धूत असे. नीट खोल बसली नाही तरी दगा देते. बंदुकीची पिन तिच्यावर आपटते, तो दणका तिला आत ढकलण्यातच खर्च होतो आणि ठिणगी पडत नाही. म्हणून भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून तो अंगठा फिरवायचा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. पण आता त्याला सारखं वाटू लागलं, की त्या दोनांवरून अंगठा फिरवायचा राहून तर गेला नाही? आर्लोला आपण मारलं का? जेवताना तेच, झोपताना तेच.

ड्वेनला ती शंका नव्हतीच. तो एका सकाळी कुऱ्हाड घेऊन आला आणि शेडमधल्या बाकाचे, वजनकाट्याचे, काडतुसं भरायच्या यंत्राचे तुकडे तुकडे करून गेला. वर्लिन प्लास्टरमधला हात छातीशी धरून दारात उभा राहिला. त्याच्या डोक्यात तिडीक गेली होती, त्या कुऱ्हाडीनेच याचं टाळकं फोडावं इतकी. पण आपलंच चुकलं असेल तर कुठल्या तोंडाने हात उचलायचा?

त्याने ती दोन काडतुसं उन्हात धरून पाहिली. टोप्यांवर पिनेची खूण होती, पण उथळ, नखाने दाबल्यासारखी. डाव्या हाताने त्याने ती स्वतःच्या बंदुकीत घातली. दोन्ही फुटली! क्षणभर त्याला आनंद झाला, आणि लगेच तो विझला. टोपी वर राहिली असती, तरी पहिल्या दणक्याने खाली बसून दुसऱ्याला फुटलीच असती. म्हणजे यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. आता आर्लोची बंदूक पाहिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्याच भरणीतली उरलेली काडतुसं खिशात टाकून तो मार्डेलच्या घरी गेला. थंडी अशी, की नाकातले केस ताठ होत होते. आर्लोची बंदूक त्याच्या ट्रकच्या मागच्या काचेला अजून तशीच टांगलेली होती. त्या दिवसापासून तिला कोणी हात लावला नव्हता. वर्लिनने ट्रकचं दार उघडलं मात्र, ड्वेन घरातून धावत आला.

"मेलेल्याची बंदूकपण सोडत नाहीस?"

"मला फक्त बघायचीय, ड्वेन."

"बघायचीय? थांब, दाखवतो." त्याने बंदूक हिसकावली, वर्लिनचा खिसा चाचपून एक काडतूस काढलं, आत सारलं आणि नळी त्याच्या छातीत खुपसली. "तुझंच आहे ना? तुझी फुटत नाहीत ना? मग घाबरतोस कशाला?"

"ड्वेन, नको!" मार्डेल पायरीवरून किंचाळली.

त्याने चाप ओढला.

टिक. तीही धड नाही, दबलेली, ओल्या लाकडावर हातोडी पडावी तशी. वर्लिनच्या विजारीत गरम ओल पसरली. मग त्याच्या ध्यानात आलं, की आपण जिवंत आहोत, आणि तो ओरडला, "बोल्ट काढ! हरामखोरा, बोल्ट काढून आत बघ!"

ड्वेन ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस. काही उघडायचं म्हटलं की त्याचे हात आपोआप चालत. त्याने बोल्ट काढला, काडतूस बर्फात पडलं. बोल्टच्या पोटातली पिन बाहेर ओढायला त्याला जोर लावावा लागला. आत सगळीकडे लाल ग्रीस होतं, थंडीने थिजून मेणासारखं घट्ट झालेलं. त्या चिखलातून पिन रखडत पुढे यायची, तिच्या दणक्यात दम कुठला असणार?

"ते ग्रीस तूच भरलंस ना उन्हाळ्यात, ड्वेन?" मार्डेल म्हणाली. "त्याच्या वाढदिवसाला. गंजू नये म्हणून..." आणि तिने हात तोंडावर दाबून धरला.

ड्वेनने बर्फातलं काडतूस उचललं आणि बोल्ट नि बंदूक घेऊन तो आत गेला.

वर्लिन ट्रकला टेकून उभा राहिला. इतक्या दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता, आणि खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटत होतं. आता सगळ्या खोऱ्याला कळेल, ड्वेन गुडघ्यावर येऊन माफी मागेल, असंही मनात येऊन गेलं.

"आत ये," मार्डेल रडत म्हणाली. "गारठशील."

स्वयंपाकघरात ड्वेन स्टोव्हसमोर खुर्चीत बसला होता. त्याने बोल्ट तापल्या लोखंडावर ठेवला होता आणि वितळलेलं ग्रीस चरचरत होतं. साफ करतोय, वर्लिनला वाटलं. ड्वेनने फडक्याने तो उचलला, बंदुकीत बसवला, मघाचं काडतूस आत ठेवलं आणि बोल्ट पुढे सारून बंद केला. मग दस्ता जमिनीला टेकवला आणि हनुवटी नळीवर ठेवली. त्याचा अंगठा चापाकडे जाताना वर्लिनने पाहिला.

त्याने प्लास्टरचा हात होती नव्हती तेवढी ताकद लावून नळीवर हाणला. प्लास्टर फुटलं, आतलं जुळत आलेलं हाड पुन्हा मोडलं, आणि बंदूक कडाडली. छताची फळी फाटून भुसा खाली आला. कपाटातली ताटं फुटली. ड्वेनच्या गालाची कातडी भाजून लोंबत होती, पण तो श्वास घेत होता. काडतूस एका झटक्यात फुटलं होतं, जसं फुटायला हवं तसं.

वर्लिन त्याच्या छातीवर बसला आणि डाव्या हाताने त्याला थोबाडीत मारत सुटला.

"ऐक! ऐक माझं! काडतुसंच खराब होती! टोप्या मी नीट बसवल्या नव्हत्या, कळलं? सांग सगळ्या गावाला! माझी चूक होती, माझी!"

ड्वेनने त्याचा शर्ट मुठीत धरला. तो वर छताला पडलेल्या भोकाकडे बघत होता. "खोटं बोलतोयस," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला. वर्लिन त्याच्या छातीवरून उतरला नाही. मार्डेलने बंदूक उचलून बाहेर बर्फात फेकून दिली, तरी तो ओरडतच होता.