रहाटाच्या बैलाने राखलेली आमची समुद्राची सहल

बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा घराबाहेर पडले ती थेट कळंबच्या समुद्रावर! पन्नास-बावन्न सालचा सुमार असेल. आमच्या निर्मळ गावात तेव्हा असलं काही कोणी मनातसुद्धा आणत नसे.

परवाच नातीने मोबाइलवर बोलून पोस्ट कशी लिहायची ते शिकवलं. म्हटलं, नव्वदीत पहिली पोस्ट टाकायची तर आपल्या विजयाचीच टाकूया...

तर मी एकोणीस वर्षांची आणि मुलगा सव्वा महिन्याचा. हा सव्वा महिना मी मागच्या अंधाऱ्या खोलीत काढला होता. शेगडी, ओव्याची धुरी, कानाला घट्ट रुमाल आणि मेथीचे लाडू. खिडकीही जेमतेम बोटभर उघडी. बाहेर वाडीतल्या विहिरीवर बागेला पाणी देणारा रहाट चालायचा, त्याची करकर तेवढी दिवसभर आत यायची... उजेड नाही, वारा नाही. जीव नुसता आंबून गेला होता.

मला समुद्र बघायचा होता. एक दिवस, बस्स! माझ्या मिस्टरांना सांगितलं, तर ते मान खाजवत म्हणाले, "आईला तू विचार." शूर माणूस!

सासूबाई तिखट, पण मनाने वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "जाऊ. मीपण येते. पण पोर रडायला लागलं तर तिथूनच गाडी वळवायची. आणि मग वर्षभर समुद्राचं नाव काढायचं नाही." मी लगेच हो म्हटलं. बाळ माझं शांत होतं, घरात कधी फारसं रडलंच नव्हतं.

बागेला आदल्या दिवशीच पाणी देऊन ठेवलं. पण आमचा छकडा ओढणारा बैल नेमका लंगडायला लागला. मग यांनी रहाटाचा बैल सोडून आणला आणि छकड्याला जुंपला. तांब्या त्याचं नाव. डोळ्यांना झापड लावून विहिरीभोवती गोल फिरण्यात त्याचा जन्म गेलेला. सरळ रस्ता त्याने किती वेळा पाहिला असेल देव जाणे!

छकड्याचं चाक वंगणावाचून बोंबलत होतं. सासूबाई वाटभर यांना ऐकवत होत्या, "अरे गजा, चाकाला जरा तेल घालायला तुझे हात मोडले होते का?" बाळ माझ्या मांडीवर टोपडं घालून गाढ झोपलेलं. मी मनातल्या मनात जिंकले होते.

कळंबला पोचलो. माडाच्या सावलीत गोधडी अंथरली. तांदळाच्या भाकऱ्या, बोंबलाची चटणी, घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, सगळं मांडलं. समोर एवढा मोठा समुद्र... मला रडूच आलं.

आणि बाळालाही आलं!

काय ते रडणं, बाई गं! अंगावर घेतलं, खांद्यावर घेतलं, सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. छे! पोर लालबुंद झालं. माझे पाय अजून पाण्याला लागलेही नव्हते. शेवटी सासूबाई उठल्या. "गजा, गाडी वळव. ठरलं होतं ते ठरलं होतं."

मी भाकऱ्या पुन्हा फडक्यात बांधायला लागले. डोळ्यांपुढे ती अंधारी खोली दिसत होती.

हे छकड्यात चढले, कासरा ओढला. पण तांब्याला पुढे ना रस्ता, ना बांध. नुसती मोकळी, घट्ट वाळू. मग त्याने त्याला येत होतं तेच केलं... आमच्याभोवती गोल फिरायला लागला! हे ओरडतायत, कासरा खेचतायत, आणि तांब्या आपला झुलत झुलत गोल. चाकाची करकर चालूच.

आणि बाळ गप्प झालं. एकदम.

यांनी कसाबसा बैल थांबवला आणि विजयी वीरासारखं आमच्याकडे बघितलं. लगेच बाळाने भोकाड पसरलं! बैल पुन्हा चालू लागला, तसं बाळ पुन्हा गप्प.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी जोरात ओरडले, "अहो, थांबवू नका! रहाट आहे तो! त्याला रहाट पाहिजे!" आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंसमोर नवऱ्यावर ओरडले असेन. जन्मापासून हे पोर त्या करकरीवर झोपत आलं होतं आणि आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. विहिरीचा आवाज काय, वाडीतल्या माणसाला तो ऐकूच येत नाही...

सासूबाई कान देऊन ऐकत राहिल्या. बैलाकडे बघितलं, नातवाकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की खालीच बसल्या. "मेल्या," त्या बाळाला म्हणाल्या, "समुद्रावर येऊन बागेला पाणी देतोस होय!"

बाळ गाढ झोपल्यावर तांब्याला सोडलं, त्यालाही दोन सुकेळी दिली. मग बाळ यांच्यापाशी सोपवून मी पाण्यात गेले. घोटाभर, मग गुडघाभर... मागे वळून बघते तर सासूबाई लुगडं सावरत येतायत! इतकी वर्षं समुद्राच्या एवढ्या जवळ राहून त्या हौसेने अशा कधी आल्याच नव्हत्या. लाट आली तसा माझा हात घट्ट धरला त्यांनी. सूर्य बुडेपर्यंत आम्ही हललो नाही. अशी ऐट मी पुन्हा कधी अनुभवली नाही, खरंच सांगते.

घरी आल्यावर हे तेलाची बाटली घेऊन छकड्याकडे निघाले, तर सासूबाई कडाडल्या, "त्या चाकाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

ते बाळ आता सत्तरी ओलांडून बसलंय. त्याच्या खोलीतला पंखा भयंकर करकरतो. सूनबाई रोज म्हणते, इलेक्ट्रिशियनला बोलवते. आणि मी रोज पलंगावरून कडाडते, "त्या पंख्याला हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"