दाजी पाहुणचाराला गेले तेव्हा

साठी उलटली तरी गल्लीत सगळे तिला धाकटीच म्हणत. मोठी बहीण ती थोरली, ही धाकटी. दोघींची लग्नं झाली नाहीत, दोघी एकाच घरात राहिल्या आणि नावं तशीच चिकटून बसली. धाकटी कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि मागच्या खोलीत बसून ती मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायची. थोरली टेलिफोन खात्यात उभा जन्म बोलून निवृत्त झालेली; त्यामुळे घरातलं बोलण्याचं खातंही तिच्याकडेच होतं.

सरडा थोरलीचा. शेजाऱ्यांनी हौसेने पाळलेला; त्यांचं बिऱ्हाड हललं तेव्हा त्याला कुणी सोबत नेईना, म्हणून तिने ठेवून घेतला. वीतभर अंग, डोक्यावर उभा तुरा, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. "इतक्या वर्षांनी घरात पुरुष माणूस आलं," असं म्हणून तिने त्याला 'अहो' म्हणायला सुरुवात केली. "अहो, पाणी घेता ना? अहो, रातकिडे जरा बेताने, संपत आलेत." मग धाकटीनेही नातं रीतसर लावलं. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे दाजी. डॉक्टरांचा फोन आला तरी ती बिनदिक्कत सांगायची, "थांबा हं, आमचे दाजी पडद्यावर चढलेत."

थोरली गेली ती दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. धाकटी मागे पॉलिशच्या चाकावर कवळी घासत होती. चाकाच्या घरघरीत तिला काहीच ऐकू आलं नाही. चहा घेणार का विचारायला ती बाहेर आली, तेव्हा थोरलीचा हात गार पडला होता आणि खिडकीतल्या फांदीवरून सरडा तिच्याकडे बघत होता.

माणसं आली, गेली. धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बाई खंबीर आहे, म्हणाले सगळे.

काही दिवसांनी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. सरड्याचा एक डोळा रातकिड्यांवर, तिच्यावर, कुठेही भिरभिरायचा. दुसरा मात्र सावकाश सरकायचा. खुर्चीपासून कपाटापर्यंत; तिथे थांबायचा; मग कपाटापासून खिडकीपर्यंत. थोरली अशीच चालायची. गुडघा दुखायचा म्हणून वाटेत कपाटाला हात टेकून दम खायची.

माशी असेल, धाकटीने स्वतःची समजूत घातली. उन्हाचा कवडसा असेल. पण कवडसा कपाटाशी थांबून दम खात नाही. ती भुताखेतांना मानणारी नव्हती, तरी त्या खोलीत पाऊल टाकताना तिच्या अंगावर काटा यायला लागला. सरड्याला पाणी शिंपडायचं, डब्यातले रातकिडे सोडायचे आणि मागे न बघता बाहेर पडायचं, एवढंच ती करायची.

अशात चष्मेवाला आला. कोपऱ्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि त्याच जातीची एक मादी त्याने पाळली होती.

"मावशी, तुमच्या दाजींसाठी स्थळ आणलंय," तो दारातूनच म्हणाला. "मुलगी सालस आहे. जरा फुत्कारते, एवढंच."

"आमच्याकडचे बिजवर आहेत रे," धाकटी हसत म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघाल्यावर तिचं हसू तिथेच विरलं.

चष्मेवाला वरमला. "आठवडाभर द्या फक्त. जिवापाड सांभाळीन. पिल्लं झाली की निम्मी तुमची."

"मला नकोत. कधी नेतोस?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"आत्ताच ने."

त्याने घरून करंडी आणली, आत एक फांदी आडवी घातली. सरडा हातात येताच काळवंडला. ओलसर फडकं वर पडेपर्यंत त्याचा एक डोळा कपाटाकडे लागलेला होता. तो काय बघतोय ते दिसू नये म्हणून धाकटीने पाठ फिरवली.

त्या दिवशी तिला मोकळं वाटलं. थोरलीच्या खोलीत तिने केर काढला, अभ्रे बदलले, खुर्ची पुसली. पुसता पुसता तिचा हात थांबला. ताई आत्ता खुर्चीत बसलेली असली तर?

सरडा होता तोवर निदान कळत होतं. आता ती खुर्चीत आहे, आता कपाटाशी आहे, आता खिडकीत ऊन खातेय. धाकटी त्या बेताने वळसा घालून जायची. आता सांगणारं कुणी नव्हतं. आता ताई कुठेही असू शकत होती. मागच्या खोलीत. चुलीपाशी. अगदी पाठीला पाठ लावून.

धाकटी भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली. दारातून जाताना तिच्या तोंडून निघून जायचं, "जरा सरक गं." डब्यातले रातकिडे खाणारं कुणी उरलं नव्हतं. दिवस कलला की ते असे काही किरकिरायला लागत की घर भरून जाई. आणि मध्येच, कुणी आत यावं तसे, सगळे एकदम गप्प होत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. आवाजात संकोच होता.

"कवळी बसली छान, पण बाई तक्रार करताहेत. आरशात दुसरंच कुणी हसतंय म्हणे."

कवळी परत आली. धाकटीने ती उजेडात धरली. वरच्या समोरच्या दोन दातांतला एक किंचित तिरका, शेजारच्यावर रेललेला. थोरलीचा होता तस्सा. सगळे दात तिनेच बसवले होते. हा असा कधी बसवला, ते काही केल्या आठवेना.

तिने पायांत चपला सरकवल्या आणि तडक चष्मेवाल्याचं घर गाठलं.

सरडा पडद्याच्या दांडीवर होता. हिरवाकंच, अंगावर पिवळे पट्टे झळाळत होते. असं तेज त्याच्या अंगावर तिने कधी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या पिंजऱ्यात मादी काळपट पडून, अंगभर ठिपके उमटवून, त्याच्याकडे तोंड वासून फुत्कारत होती.

"काम फत्ते!" चष्मेवाला खुशीत होता. "बाईंना दिवस गेलेत. आता नवरा डोळ्यांसमोर नको झालाय."

"तो इथे कुठे बघतो का रे?"

"म्हणजे?"

"रिकाम्या जागेत. एका डोळ्याने. कुणी चालत असल्यासारखं."

चष्मेवाल्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही हो मावशी. बायको समोर असताना तो कशाला दुसरीकडे बघेल?"

म्हणजे सरड्याची ती खोड नव्हती. जे काही होतं ते तिच्या घरात होतं.

करंडी छातीशी धरून ती घरी आली. सरड्याला खिडकीतल्या फांदीवर सोडलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. त्याने पानावरचं पाणी चाटलं, एक रातकिडा गट्टम केला. डोळे फिरत राहिले. खुर्चीवरून नुसते गेले, कपाटावरून नुसते गेले. कुठेच थांबले नाहीत.

"दाजी," ती हळूच म्हणाली, "कुठाय ती?"

दुसऱ्या दिवशीही तेच, त्यानंतरही तेच. तेव्हा धाकटीला रडू फुटलं. आपणच घाबरून त्याला बाहेर धाडलं, आणि तेवढ्यात ताई उठून गेली. निरोप द्यायलाही कुणी नव्हतं. की ती इथेच आहे, आणि नव्या बायकोच्या नादात यालाच आता ती दिसत नाही? यातलं काय खरं मानावं, तिला ठरवता येईना. डोळे पुसून ती उठली आणि कवळीतला तो दात उपटून सरळ बसवला.

वर्ष सरत आलं तेव्हा चष्मेवाला खोका घेऊन आला. आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं होती. बारीक डोळे जिकडेतिकडे फिरत होते.

"ताईंच्या खोलीत जाऊन सोडू? दाजींना पोरं दाखवू."

धाकटी दारात आडवी उभी राहिली. या एवढ्या डोळ्यांनी खोलीत काय बघितलं असतं? आणि काहीच बघितलं नसतं तर?

"आत नको," ती म्हणाली. "इथेच पायरीवर बस. इथूनच बघते."

ती खाली वाकली. एक पिल्लू तिच्या बोटावर चढलं, शेपटीने घट्ट धरून बसलं. तिने त्याला बराच वेळ उन्हात धरलं, मग अलगद खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"गोड आहेत," ती म्हणाली. "पण घेऊन जा."