लाल दोऱ्याची वायर

मूर्खपणा मी आयुष्यात पोत्याने केला आहे. त्यातला बराचसा आता नातवंडांना रंगवून सांगते. एक मात्र सांगत नाही. मी एकदा एका वायरीचा लाल दोरा सोडला, आपल्या वेणीला बांधून आरशात पाहिला, आणि परत बांधताना भलत्याच वायरीला बांधला.

तेव्हा मी वीस वर्षांची. गडचिरोलीच्या एका आर्केस्ट्रात गात होते. पार्टीत मुलगी मी एकटीच, आणि आमच्या घरातून स्टेजवर चढलेलीही पहिलीच. "एक तक्रार आली का गानं बंद," असं बाबांनी साऱ्या पार्टीसमोर बजावलेलं. माझा तोरा मात्र असा, की माझ्या धास्तीने रेडिओवरच्या गायिकांना अन्न गोड लागत नसावं.

ती वायर होती भाऊंची. भाऊ म्हणजे आमच्या पार्टीचे साउंडवाले. एरवी बसस्टँडजवळच्या टपरीत रेडिओ, टेप दुरुस्त करत. काही बिघडलं की ते आधी स्पीकरच्या जाळीवर चार बोटं टेकवायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे, "सांगनारा कोन? आयकनारा कोन?"

हा प्रश्न आमच्या गिटारच्या पेटीमुळे आला. मालकांनी ती मुंबईच्या एका मोडलेल्या पार्टीकडून आणली होती. गिटारचा आवाज ती कधी गोड करी, कधी फाटका, कधी विहिरीतून आल्यासारखा. ती चालवायला पायाखाली बटणांची पट्टी. दोघींमध्ये पट्टीचा हुकूम पेटीपर्यंत नेणारी पाच पिनांची एक वायर, मिडीची. आम्ही तिला मिडीबाई म्हणायचो, कारण ती दिवसाआड रुसायची. गिटारवाला बटण दाबून दाबून थकायचा, आणि पेटी ढिम्म.

मग भाऊ उकिडवे बसत. "पहिले वायर पाह्य. मंग ते पट्टीच्या सांगनाऱ्या भोकातून निंगून पेटीच्या आयकनाऱ्या भोकात गेली का ते पाह्य. मंग दोघीयचा नंबर एक हाय का पाह्य. पट्टी दोन नंबरावर बोलून राह्यली अन् पेटी एक नंबरावर कान देऊन बसली, तं संसार कसा होईन?"

"भाऊ, तुमी इंजिनेर काऊन नाई झाले?" मी विचारायची.

"झालो असतो तं तुह्या माइकची घरघर कोनं काढली असती, बाई?"

मला ते मुद्दाम 'बाई' म्हणत. मी फुगायची.

त्यांची एक खोड होती. मागून हाक मारली तर ते वळत नसत. "भाऊ, लक्ष कुठी आहे?" असं मी खांदा हलवून विचारलं, की आधी हसायचे, मग उजवी बाजू पुढे करायचे. मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. भाऊही हसायचे. कशाला हसतो आहोत हे त्यांना ऐकू आलेलं नसे, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या पिशवीत पाच पिनांच्या दोन सारख्या वायरी असत. एक मिडीची, एक टेपची. दिसायला जुळ्या बहिणी, पण आतली जोडणी वेगळी. म्हणून मिडीच्या वायरीला लाल दोरा. मला माझ्याच गाण्याच्या कॅसेटची नक्कल करायची होती, त्यासाठी टेपची वायर हवी होती. तालमीत सगळे चहाला गेले तेव्हा मी पिशवी उघडली. दोरा दिसला, वेणी आठवली, पुढचं तुम्हाला माहीत आहे. पावलं वाजली तशी मी दोरा हाताला आली त्या वायरीला बांधला, रिबिनीचं घालतात तसं फूल घालून, आणि दुसरी पर्समध्ये टाकली.

दोन दिवसांनी धानोऱ्याला कार्यक्रम. पडदा उघडायला थोडा वेळ, आणि पेटी ढिम्म. भाऊंनी भोकं पाहिली, नंबर पाहिले. वायर पाहिली नाही, दोरा होता ना तिला! शेवटी ती हातात घेतली, गाठीवरून अंगठा फिरवला, आणि का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं. मी आपली पदर सारखा करत होते.

"हातानं करतो," एवढंच म्हणाले आणि पेटीशेजारी मांडी घालून बसले. गिटारवाल्याचा पाय पट्टीवर पडला की तो पाहून ते पेटीवरचं बटण दाबत. चार गाणी सुरेख गेली. पाचवं माझं, अंगाई. गिटारवाला माझ्या बाजूला वळला, त्याचा पाय दिसेना. भाऊ आधीच्या गाण्याच्या बटणावरच राहिले. माझ्या 'नीज रे'वर पेटी करवतीसारखी ओरडली. लोक हसले. मागून मालक ओरडले, "भाऊ, बदला!" दोनदा ओरडले, तीनदा ओरडले. भाऊ शांतपणे तो पाय शोधत होते.

त्या दिवशी सगळ्यांना कळलं. "साउंडवाल्यालेच आयकू येत नाई, काय सांगता आता!" मालक म्हणाले. भाऊंनी पिशवी आवरली. त्यांनी वायरीचं नाव काढलं नाही. मी तर नाहीच काढलं.

आठवड्याने शेजाऱ्यांचा टेप मागून आणला, आणि माझी वायर कॅसेटची नक्कल करीना. तेव्हा लख्ख उजेड पडला. मी काय केलं? ती वायर घरी माझ्या ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली ठेवली. उद्या जाईन, परवा जाईन. बहिऱ्याकडे रेडिओ कोण देणार? टपरी बंद झाली, भाऊ धानोऱ्याकडे आपल्या गावी गेले. मी गात राहिले. दीड वर्ष.

शेवटी मी त्यांच्या गावी गेले, तेव्हा त्यांच्या अंगणात मोहफुलं वाळत होती. भाऊ मागच्या पावसाळ्यातच तापाने वारले होते. त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, हातात मी वायर ठेवली आणि रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ती वायर नीट गुंडाळली, मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या,

"त्याहीले मालूम होतं, बाई. घरी आले तवाच मनले, दोऱ्याले रिबिनीवानी फूल होतं. मी मनलं, मंग सांगतलं काऊन नाई? तं मनले, माहे कान तं गेलेच हायेत, तिचा गळा काऊन बंद करू?"