साठवरची सुई

“साठ!”

“अठ्ठेचाळीस.”

“अगं, डोळे हायत का बटणं? सुई बघ की. साठ!”

“सुईचं राहू द्या, आण्णा. ह्यो मोबाईल बघा. वरनं उपग्रह सांगतोय. अठ्ठेचाळीस.”

“त्या उपग्रहानं कधी अँबॅसिडर चालवलीया का?”

संकेश्वर मागं पडलं होतं. निपाणीहून बेळगावला परतताना भावकूआण्णा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून ताठ बसले होते. शेजारी त्यांची लेक रचना, हातात मोबाईल. मागच्या सीटवर मालुबाई, मांडीत बहिणीनं दिलेली शेंगांची पिशवी. इतका कल्ला चाललेला, पण त्या खिडकीबाहेरच्या उसाकडं अशा बघत होत्या, जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऊस दिसतोय.

मागून एक ट्रक आला, हॉर्न दाबत बाजूला झाला आणि क्लीनरनं खिडकीतून डोकं काढून कानडीत आरोळी ठोकली, “यजमान्रे, बाजू सरीरी!”

“बघा. त्यालापण पटलंय, म्हातारा बाजूला सरकंल तर बरं.”

“त्यो ऐंशीनं चाललाय. आजकालची पोरं लई पळवत्यात.”

“आण्णा, उद्यापास्नं मी ह्याच गाडीवर शिकणार हाय. मीटरच खोटा असला तर मी काय शिकू?”

“मोबाईल बघून शीक. मीटरला हात लावायचा न्हाई.”

रचनाला हे खटकलं. कारण हा माणूस असा नव्हताच.

भावकूआण्णा निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं चाळीस वर्षं ड्रायव्हर होते. गाडी हीच, वाळल्या तंबाखूच्या पानाच्या रंगाची. निपाणी ते बेळगाव, बेळगाव ते निपाणी. शेठ मागं बसला की झोपायचा आणि त्याची झोप ही आण्णांची कमाई. हायवेला लागलं की सुई साठवर आणायची आणि तिथंच बसवायची. चढ असो, उतार असो, सुई हलली तर शेठ जागा होणार. “भावकू, तू गाडी चालवतोस का पाळणा हलवतोस?” असं तो म्हणायचा. शेठच्या पोरांनी नव्या गाड्या घेतल्या तेव्हा म्हाताऱ्यानं ही गाडी आण्णांनाच देऊन टाकली. बेळगावात खासबागेतल्या घरासमोर ती उभी राहिली आणि आण्णांनी तिचं बाळंतपण सुरू केलं. दाराची बिजागरी कुरकुरली की तेल, वायपर चुकला की नवा. पाण्याच्या पंपाची किरकिर ते फाटकातून ओळखायचे. असा माणूस मीटर चुकतोय म्हटल्यावर “राहू दे” म्हणतो?

“आई, तू तरी सांग की ह्यास्नी.”

“शेंगा खातीस का?” मालुबाई म्हणाल्या.

रचनानं मग दुसरी खोडी काढली. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड दिसला तसा मीटरमधला आकडा वाचून ठेवला आणि दगड मोजायला लागली. आठ दगड झाले. मीटर म्हणत होता दहा.

“आण्णा, सुई जेवढी जास्त दावती, तेवढाच किलोमीटरचा आकडाबी जास्त पळतोय. म्हंजे सुई शहाणी हाय. तिला खालनंच खोटं कळवतंय कोणतरी.”

“रस्ता वाढलाय.”

“काय?”

“सहापदरी करताना वळवलाय जागोजागी. निपाणी पयल्यापेक्षा लांब झालीया. मला कवापासनंच वाटतंय.”

“आणि दगडं काय जुन्या जाग्याला इसरून राहिली?”

मागच्या सीटवर मालुबाईंना अचानक खोकला आला.

घरी पोचल्यावर रचनानं आधी टायरवरचा नंबर वाचला. टायर लहान असेल तर चाक जास्त फिरतं आणि मीटर फुगतो, एवढं तिनं वाटेत मोबाईलवर वाचून घेतलं होतं. पण टायर ठरल्या मापाचेच निघाले. मग तिनं दीपंकरला फोन लावला.

दीपंकर दोन गल्ल्या पलीकडं राहायचा. बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात इंजिनिअर, कामच गिअरचे दात पाडण्याचं. रविवारी मात्र जुन्या गाड्यांच्या पोटाखाली शिरणं हा त्याचा छंद. एरवी ‘अँबॅसिडर’ म्हटलं की तो जेवणावरनं उठून यायचा. आज आला, पण पोरगा परीक्षेला यावा तसा.

“केबल वाळली असंल,” तो फाटकातूनच म्हणाला. “तेल सोडतो, झालं.”

“केबल वाळली की सुई नाचती, दादा. ही नाचत न्हाई, एका जाग्याला बसून खोटं बोलती.”

“मग मीटरची स्प्रिंग ढिली.”

“मग किलोमीटरचा आकडा कशाला पळंल? गिअरबॉक्सपाशी केबल जिथं बसती, तिथलं चाक काढा.”

दीपंकरनं आण्णांकडं बघितलं. आण्णांनी आभाळाकडं. मालुबाई आत चहा टाकायला गेल्या आणि चहा टाकायचा विसरून दारात येऊन उभ्या राहिल्या.

पोतं अंथरून दीपंकर गाडीखाली गेला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. बाहेर आला तेव्हा हातात बोटाच्या पेराएवढं एक दातेरी चाक होतं. पायरीवरच्या फडक्यावर त्यानं ते ठेवलं.

रचनानं उचलून उजेडात धरलं. “गाडी माझ्यापेक्षा म्हातारी आणि ह्ये एवढं नवं कोरं? दादा, ह्ये कंपनीचं न्हाई. ह्ये कुणीतरी कापलंय.”

दीपंकर हात पुसत राहिला. हात कधीचे स्वच्छ झाले होते.

“आक्का,” शेवटी तो म्हणाला, “सांगा की तुमीच.”

मालुबाई आत गेल्या आणि मिसळणाचा डबा घेऊन आल्या. झाकण काढलं, मोहरीच्या वाटीत बोट घातलं आणि दुसरं तसलंच चाक बाहेर काढलं. जुनं, काळपट.

“ह्ये खरं. चार दात जास्त हायत. दीपंकरला काय बोलू नको, त्यो न्हाईच म्हणालता. मी त्याच्या आईकडं जाऊन बसले, तवा कापून दिलं.”

“पण कशाला, आई?”

“तवंदी घाट,” मालुबाई म्हणाल्या, आणि आण्णांनी मान खाली घातली.

तीन वर्षांपूर्वीची पहाट. दाट धुकं. आण्णांची सुई साठवर. समोर उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, लाल दिव्याचा पत्ता नाही. ब्रेक लागला, पण उशिरा. अँबॅसिडर कडेला जाऊन थांबली, एक चाक रस्त्याबाहेर. मालुबाईंच्या हातातल्या बांगड्या फुटल्या, एवढंच. घरी दोघांनीही कुणाला सांगितलं नाही.

“मी म्हटलं, इथनं पुढं पन्नासनं चालवा. तर म्हणाले, सुई साठवर न्हाई तर मी ड्रायव्हर न्हाई. आणि गाडीवर ताडपत्री टाकली. बसायचे इथं पायरीवर, ताडपत्रीकडं बघत. जेवायला हाका मारल्या तरी ऐकू जायचं न्हाई. मला भ्या दोन्ही बाजूंचं, गं. चालवली तरी आणि न्हाई चालवली तरी.” त्यांनी पदरानं चाकाला चिकटलेली मोहरी पुसली. “मग म्हटलं, सुई साठवरच राहू दे. साठच जरा अलीकडं आणू. चाक बदललं आणि ह्यास्नी म्हटलं, काढा ताडपत्री, चालवा साठनंच.”

रचनाला हसू यायला लागलं आणि ते आवरता आवरेना. दीपंकरही हसला, सुटल्यासारखा. आण्णा पुढं आले. बायकोच्या हातातलं जुनं चाक त्यांनी घेतलं आणि अंगठ्यानं एकेक दात चाचपला.

“रागावलासा?” मालुबाईंनी विचारलं.

आण्णांचा अंगठा दातांवरनं फिरतच राहिला. मालुबाईंनी त्यांच्याकडं जरा निरखून बघितलं, आणि त्यांचा आवाज बदलला.

“थांबा जरा. पाण्याच्या पंपाची किरकिर तुमी फाटकातनं वळकता. चाळीस वर्सं त्या इंजिनाला कान लावून बसलाय. त्ये साठनं पळतंय का पन्नासनं, ह्ये तुमास्नी तीन वर्सं कळलं न्हाई व्हय?”

दीपंकरचं हसू थांबलं. रचनानं बापाकडं बघितलं.

आण्णांनी जुनं चाक मोहरीच्या वाटीत टाकलं आणि डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं. फडक्यावरचं नवं चाक उचलून दीपंकरच्या तळहातावर ठेवलं, त्याची बोटं त्यावर मिटवली आणि गाडीखालच्या पोत्याकडं मान हलवली. मग पायांत चपला सरकवल्या आणि फाटक उघडून, मागं न बघता, गल्लीत चालू लागले.